लांब पाठीची गाडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे लोणी काळभोरहून ज्वारी आणली. आमच्या कंपनीतला एक जुना वेल्डर आता तिथं शेती बघतो. दर वर्षी त्याच्याकडूनच आणायचो. पोतं गाडीत मागं टाकलं. शेजारी बायकोची गोधडी अंथरलेली असायचीच. तिच्यावर ती आडवी झाली आणि हडपसर यायच्या आत झोपली.

मला त्या दिवशी तिला एक गोष्ट सांगायची होती. तशी ती मला दहा वर्षं सांगायची होती. सिग्नलला थांबलो तेव्हा आरशात बघून म्हटलं, "जागी आहेस का?" उत्तर नाही. सिग्नल सुटला, मागच्यानं हॉर्न मारला, आणि सांगायचं राहिलं.

कसबा पेठेत आमच्या इमारतीच्या अलीकडं कोपऱ्यावर एक भाजीवाली बसते. तिथं आल्यावर ही उठून बसली, केस सारखे केले आणि म्हणाली, "थांबवा. गेट आलं."

"अगं, आपलंच गेट आहे."

"असू दे. कोथिंबीर घ्यायचीय."

कोथिंबीर नुसतं निमित्त. कुठलंही गेट आलं की अलीकडं उतरायचं, ही तिला सवयच झाली होती. ती सवय तिला मी लावली. मी गाडी आत नेऊन लावली, पोतं जिन्यापाशी ठेवलं, तोवर ती जुडी हातात धरून चालत आली. "मेली महाग झाली," म्हणाली. वर आलो. तिनं चहा टाकला, मला दिला, आणि "जरा पाठ टेकते" म्हणून कॉटवर पडली. माझा कप अर्धा व्हायच्या आत काहीतरी निराळं वाटलं म्हणून मी हाक मारली. गल्लीतले डॉक्टर पाच मिनिटांत आले. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. संध्याकाळचे साडेपाच झाले होते. ओट्यावर कोथिंबीर तशीच होती.

आता गाडीचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय गेटचं कळायचं नाही.

मी सातवी नापास. हवा दाबायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत फिटर म्हणून लागलो. ही यंत्रं, म्हणजे कॉम्प्रेसर, कारखान्याकारखान्यांत लागतात आणि बिघडतातही. ती दुरुस्त करायला माणूस पाठवावा लागतो. तो माणूस मी. वीसेक वर्षं हत्यारांची पेटी घेऊन एसटीनं हिंडलो. सातारा, कोल्हापूर, सोलापूर, नगर. आठवड्यातले चार दिवस घराबाहेर. लेक लहान होती तोवर बायकोला तिचं बघण्यात दिवस पुरत नव्हता. मग लेक लग्न होऊन नागपूरला गेली आणि घरात ही एकटी उरली. तोंडानं काही बोलली नाही. पण मी पेटी उचलली की दारात येऊन उभी राहायची, आणि गल्लीच्या टोकाला जाऊन वळून बघितलं तरी तिथंच असायची.

तेव्हा एक दिवस मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "आता पेटी बास. कंपनी तुला गाडी देणार. मी सांगतो त्या रकमेत बसेल अशी कुठलीही बघ. पण एक अट आहे. चालवायला मजा आली पाहिजे."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण ते स्वतः गाड्यांचे नादिष्ट. म्हणाले, "अरे, दिवसाचे सहा-सहा तास तू गाडीत असणार. गाडीला वैतागलास तर गिऱ्हाईकाच्या दारात वैतागलेलाच उतरशील. मग तू यंत्र दुरुस्त करणार का भांडणार?"

तीन गाड्या बघितल्या. कंपनीतल्या सगळ्यांचं म्हणणं डिकीवाली घे, साहेबी दिसते. ती चालवली. गादीवर लोळत चाललोय असं वाटायचं. चाक रस्त्यावर आहे का नाही, हाताला कळतच नव्हतं. आणि डिकीचं तोंड एवढंसं, आमच्या यंत्राचं डोकं त्यातनं आत जाईना. दुसरी जीपसारखी उंच. रुबाब भारी, पण पेटी छातीपर्यंत उचलून आत टाकायची. पन्नाशी आली होती माझी. रोज पेटी कोण उचलणार?

तिसरी कोपऱ्यात उभी होती. पुढून साधी मोटार, पण छप्पर थेट मागच्या टोकापर्यंत गेलेलं. इस्टेट म्हणतात म्हणे तिला. मागचं दार वर उचलायचं, खाली उंबरा नाही, पेटी टेकवली की सरकत आत. आणि चालवायला? दुसऱ्या गिअरमध्ये अशी ओढायची की सीटला पाठ चिकटायची. मी विक्रेत्याला कात्रजच्या घाटापर्यंत नेलं. वळणावर मला वाटलं, एवढी लांब पाठ, शेपूट फेकणार. छे. मांजरासारखी वळली. मी उगाचच पुढं जाऊन परत फिरलो आणि तेच वळण पुन्हा घेतलं. विक्रेत्यानं वरची कडी धरून ठेवली होती.

पण खरी परीक्षा बायकोनं घेतली. दुसऱ्या दिवशी तिला दाखवायला नेली. तिनं रंग बघितला नाही, सीटचं कापड बघितलं नाही. विक्रेत्याला म्हणाली, "मागची सीट पाडा."

त्यानं पाडली. मागं सपाट ओटा झाला. हिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि आत जाऊन सरळ झोपली. हात पोटावर.

"बाई, अहो, गाडी बसायला असते," विक्रेता म्हणाला.

"बसायला पाटसुद्धा असतो," ही झोपूनच म्हणाली. मग मला म्हणाली, "अहो, पाय पुरतात. हीच घ्या."

"कशाला पण?"

"मी येणार तुमच्याबरोबर. तुम्ही यंत्र खोला, मी मागं लवंडते. वीस वर्षं तुमची पेटी फिरली. आता मी फिरते."

म्हणजे गाडी निवडली मालकांच्या अटीनं आणि तिच्या उंचीनं. कंपनीत गाडी आली तेव्हा स्टोअरवाला सगळ्यांदेखत ओरडला, "काय रे, शववाहिनी घेतलीस काय?" मला असा राग आला. घरी येऊन सांगितलं तर ही हसत सुटली. म्हणाली, "म्हणू दे की. शववाहिनीतला माणूस तरी पाय पसरून जातो. स्टोअरवाला स्कूटरवर चौघं बसवतो."

आता माझी चूक.

गाडी ताब्यात देताना ऑफिसनं चार पानांचा इंग्रजी कागद सहीला ठेवला. मला इंग्रजीत फक्त यंत्राच्या भागांची नावं येतात. पण कागद पुढं आला की वाचल्यासारखं करायचं, ही माझी जुनी खोड. भुवया आक्रसायच्या, एखाद्या ओळीवर बोट थांबवायचं, "हं" म्हणायचं आणि सही ठोकायची. तसंच केलं. संध्याकाळी बायकोनं विचारलं, "काय लिहिलंय कागदात?"

'मला वाचता आलं नाही' एवढं म्हणायचं होतं. ती काही हसली नसती, तिलाही माझ्याइतकंच येत होतं. पण मी गाडीवाला झालो होतो ना! शेजारच्या कारखान्यात एका ड्रायव्हरनं कंपनीच्या गाडीतून सासुरवाडीच्या माणसांना जेजुरीला नेलं आणि त्याला काढून टाकलं होतं, ते डोक्यात होतं. मी ऐटीत म्हणालो, "घरच्या माणसांना बसवायचं नाही, असं लिहिलंय."

तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "लिहिलंय म्हणजे बघायला कोण येतंय? मी गेटच्या अलीकडं उतरेन."

आणि अकरा वर्षं उतरली.

असं चालायचं. सकाळी निघायचं. डब्यात भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. गाव सुटलं की ती पुढं येऊन बसायची. वाटेत रसवंतीवर थांबायचो. घाट आला की म्हणायची, "मालकांची मजा करा आता." मी गिअर पाडायचो, ती दोन्ही हातांनी सीट धरून लहान पोरीसारखी हसायची. पण कारखान्याचं गेट दिसलं की शंभर पावलं अलीकडं मी थांबायचो. ती पिशवी घेऊन उतरायची. पिशवीत छत्री, पाण्याची बाटली, सुईदोरा आणि जुन्या लुगड्यांचे तुकडे. ती टपरीवर नाहीतर झाडाखाली गोधडी शिवत बसायची. मी गाडी आत घ्यायचो. दोन तास, चार तास, कधी दिवस मावळेपर्यंत.

मी कारखाने आतून ओळखायचो, ती बाहेरून. कुठल्या टपरीवरची बाई विधवा, कुठल्या वॉचमनची सून बाळंतपणाला आली, तिला सगळं ठाऊक. परत निघालो की दोन्ही बाजूंचं बोलणं व्हायचं. कोल्हापूरकडं एका ठिकाणी यंत्र तेल पीत होतं. तेल जातंय कुठं ते दोन दिवस सापडेना. सगळी नळी न् नळी बघून झाली. परतताना ही म्हणाली, "अहो, भिंतीबाहेरच्या गटारात सकाळपासून तवंग येतोय. फोडणीसारखा. थोडा येतो, थांबतो, परत येतो."

मी गाडी तिथल्या तिथं वळवली. यंत्रातलं साचलेलं पाणी सोडायची एक झडप असते. ती पाण्याबरोबर तेलही सोडत होती आणि ते थेट भिंतीपलीकडं जात होतं. आत कुणाला दिसणार? आमच्या मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. "कसं काय ओळखलंस रे?" मी म्हणालो, "अनुभव." घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबरच आहे. अनुभव बाहेर बसला होता."

असे ते दिवस. चांगलेच गेले. पण एक दिवस मला अजून गिळवत नाही.

सोलापूरकडं, एप्रिल महिना. माळावरचा कारखाना, टपरी बंद, झाड म्हणून नाही. मी म्हणालो, "आज राहू दे, मी वॉचमनला विचारतो." ती म्हणाली, "नको. लिहिलेलं आहे ना? तुमच्या नोकरीला उगाच धक्का नको." मैलाच्या दगडावर छत्री उघडून बसली. मी आत गेलो. एका तासाचं काम पाच तासांवर गेलं. बाहेर आलो तर ती एका उभ्या ट्रकच्या सावलीत पडलेली, आणि ट्रकवाला तिच्या डोक्यावर पाणी ओततोय. मला बघून तो म्हणाला, "काका, ही तुमच्या घरची ना? माणूस आहात का कोण?"

गाडी आत पत्र्याच्या शेडखाली गार सावलीत उभी होती. बायको बाहेर उन्हात. हे त्या दिवशी दिसलं तरी मी काय केलं? गाडीत मागं गोधडीवर निजवलं, लिंबूपाणी पाजलं, आणि पुढच्या आठवड्यात परत गेटच्या अलीकडं थांबलो. मनात म्हटलं, मी तरी काय करणार, नियम आहे. माझाच नियम. इतकी वर्षं बोललो होतो की मलाच खरा वाटायला लागला होता.

मी निवृत्त झालो तेव्हा मालकांनी ती गाडी मलाच देऊन टाकली. कागद करताना ऑफिसातल्या बाईंनी जुनी फाइल काढली. चाळता चाळता म्हणाल्या, "काका, काकूंना घेऊन खूप फिरला असाल ना गाडीतून?"

मी म्हटलं, "नियमात बसत नव्हतं."

"असं कसं? हे काय, इथंच आहे की." त्यांनी बोट ठेवून मराठीत सांगितलं. गाडी कामासाठी तशी कुटुंबासाठीही वापरावी. बायको बरोबर असली तरी हरकत नाही. मालकांनी ते मुद्दाम घालायला लावलं होतं, असंही त्या म्हणाल्या. मी त्या ओळीकडं बघत राहिलो. अकरा वर्षांपूर्वी सही करताना मी बहुतेक त्याच ओळीवर बोट ठेवून "हं" म्हटलं असेल.

पेढे घेऊन घरी आलो. ती दारातच होती. "झाली का आपली?"

"झाली."

"मग आता गेटातनं आत येऊ ना मी?" हसत विचारलं तिनं.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "ये की, आता गाडी आपली आहे." म्हणजे खोट्यावर अजून एक थर चढवला. पुढची दहा वर्षं सकाळी फडक्यानं गाडी पुसताना रोज ठरवायचो, आज सांगू. सांगितलं असतं तर ती दोन दिवस बोलली नसती, तिसऱ्या दिवशी त्याचा विनोद करून चार जणींना सांगितला असता. मला ते ठाऊक होतं. तरी माझी जीभ उचलली नाही. गड्याला लोखंड वाकवता येतं, असल्या गोष्टी बोलता येत नाहीत.

आणि तिची सवय काही मोडली नाही. लग्नाचं कार्यालय असो, दवाखाना असो, गेट दिसलं की म्हणायची, "थांबवा, मी उतरते. तुम्ही लावून या." प्रत्येक वेळी मी ब्रेक जरा जोरात दाबायचो. तिला वाटायचं मला पार्किंगचा वैताग आलाय.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट.

लेक पहाटेच्या विमानानं आली. बायकांनी हिला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. भाच्यानं शववाहिनीसाठी फोन करायला घेतला. मी म्हणालो, "फोन ठेव. गाडी आहे."

"मामा, असं कुणी नेतं का? तिरडी त्यात मावायची नाही."

"तिरडीचं सामान पुढं स्मशानात नेऊन ठेवा, तिथं बांधू. तिला त्या गाडीत पाय पुरतात. तिनं स्वतः बघितलंय."

कुणी म्हातारा भ्रमला म्हणालं असेल, म्हणू दे. लेक माझ्याकडं बघत होती, ती भाच्याला म्हणाली, "बाबा म्हणतात तसं करा." मी खाली गेलो. रोजच्यासारखी गाडी पुसली, काचा पुसल्या. सीट पाडली. मागं ज्वारीचे चार दाणे सांडले होते, ते राहू दिले. गोधडी झटकून परत अंथरली. तीच, सगळ्या गेटांबाहेर बसून शिवलेली. चौघांनी तिला आणून ठेवलं. पुरले पाय.

लेक शेजारी बसली. गल्लीतून हळू बाहेर काढली. कोपऱ्यावर भाजीवाली उभी राहिली. मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा मी आरशात बघितलं आणि म्हणालो, "कागदात तसलं काहीच नव्हतं. मला वाचता आलं नव्हतं."

"काय म्हणालात बाबा?"

"तुला नाही."

मी गिअर बदलला.

स्मशानाच्या गेटपाशी पोचलो. वॉचमननं हात आडवा केला. काचेशी येऊन म्हणाला, "काका, खाजगी गाड्या बाहेर लावा. इथं उतरवून न्या, सगळे तसंच करतात."

"इथं उतरवणार नाही."

"अहो, पण नियम आहे."

"कुठं लिहिलाय?" मी म्हणालो. "लिहिला असेल तर आण, वाचून दाखव. मला वाचता येत नाही."

त्यानं मागं वाकून बघितलं. हिरवी साडी बघितली, गोधडी बघितली. मग जाऊन आडवी दांडी वर केली.

मी पहिल्या गिअरमध्ये आत घेतली. गेट मागं गेलं. तिथं दहनाच्या ओट्यापाशी गाडी उलटी लावली, पार पायरीला भिडेपर्यंत, हँडब्रेक ओढला, आणि उतरून मागचं दार वर उचललं.